खरवडीचा हिवाळा

परवा पहाटे मी एसी बंद केला आणि घरातला एक आवाज गेला. मे महिन्यापासून तो भिंतीत गुरगुरत असतो आणि सवयीनं ऐकू येईनासा होतो. बंद झाला की मगच कळतं, तो होता. मी खिडकी उघडली. इथं अमिरातीत, अल ऐनमध्ये, हा दिवस कॅलेंडरवर छापलेला नसतो, पण आला की सगळ्या गावाला एकदम कळतो. समोरच्या इमारतीतल्या तीन खिडक्या उघड्या होत्या. एका गॅलरीत कुणीतरी गालिचा वाळत घातला होता आणि त्यावर दोन होले बसून घुमत होते. उन्हाळाभर धुळीत बुडालेला जबल हफीतचा डोंगर कात्रीनं कापून चिकटवल्यासारखा स्वच्छ दिसत होता. थंडी म्हणावी अशी थंडी अजून नाही. पण हवेतला राग गेला आहे.

आता माणसं बाहेर पडतील. उद्यानांतल्या गवतावर चटया पसरतील, गाड्यांच्या डिकीतून कोळशाची पोती निघतील, संध्याकाळी सगळीकडे भाजल्याचा वास येईल. इथल्या लोकांना या दिवसांत वाळवंट आठवतं. मला स्पेन आठवतो.

माझी बायको शुभदा जाऊन सव्वा वर्ष झालं. मी सांगणार आहे ते तिच्या शेवटच्या हिवाळ्याबद्दल. पण रडगाणं गायला बसलेलो नाही. त्या हिवाळ्यात आम्ही एक लढाई जिंकलो, तिची ही हकीकत आहे. लढाई लहान होती. रणांगण एका जिभेएवढं.

त्या वर्षी उन्हाळाभर शुभदाचे उपचार चालले होते. औषधांनी केस गेले, ते परत येऊ लागले. चव गेली, ती आली नाही. आमटी, आंबा, चहा, सगळं तिला पुठ्ठ्यासारखं लागायचं. कधी कधी नाणं चोखल्यासारखं. तिचे डॉक्टर लेबनॉनचे होते, मिशीतल्या मिशीत हसणारे. तिनं विचारलं, "चव परत येईल का?"

"इन्शाल्ला."

"कधी?"

"ते जिभेला विचारा. ती माझं ऐकत नाही."

शुभदा इथल्या एका शाळेत भूगोल शिकवायची. त्याच शाळेत मी ग्रंथपाल. स्पेनची सहल आजाराच्या आधी ठरलेली होती आणि तिची यादी त्याच्याही आधीची. तिनं स्पेनचा नकाशा स्वतः काढला होता. त्यात नद्या, डोंगर होतेच, पण गावांच्या नावांऐवजी पदार्थांची नावं होती. स्पॅनिश जेवण असं काही नसतंच, असं ती वर्गात सांगायची. वऱ्हाडातल्या माणसाला आणि मालवणातल्या माणसाला एकच ताट वाढून बघा, मग कळेल. तिथंही तसंच. दक्षिणेला ऊन आणि तेल, मधल्या पठारावर पाव आणि डाळी, वायव्येला पाऊस आणि समुद्र, पूर्वेला भात.

सहल रद्द करावी असं आमच्या मुलीचं मत होतं. सई दुबईत नोकरी करते, तिथल्या करामा भागात दोन मैत्रिणींबरोबर राहते. जन्म इथलाच, त्यामुळे आम्ही मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं ही घरातली जुनी वहिवाट.

"आई, व्हाय वुड यू गो ऑन अ फूड ट्रिप इफ यू कान्ट टेस्ट?"

"मग काय, माझी जीभ बरी होईपर्यंत स्पेन थांबणार आहे? तुझे बाबा खातील. मला सांगतील."

"बाबा?" सईनं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "बाबा जस्ट सेज छान."

हे खरं होतं. चोवीस वर्षं मी जेवताना वाचत आलो होतो. भाजी कुठली होती हे मला ताटावरून उठल्यावर सांगता आलं नसतं. कशी झालीये, असं कुणी विचारलं की मी छान म्हणायचो आणि ओळ कुठवर आली होती ते शोधायचो. आणि आता हाच माणूस बायकोची जीभ होऊन निघाला होता.

कोर्दोबातली पहिली दुपार. अंगणात लिंबाच्या झाडाखाली टेबल, समोर साल्मोरेखोचा वाडगा. टोमॅटो, शिळा पाव, लसूण आणि ऑलिव्हचं तेल एकत्र वाटून गार केलेलं ते घट्ट सूप. वर उकडलेल्या अंड्याचा चुरा. (हॅमचे तुकडेही घालतात. नको असतील तर आधीच सांगावं.) शुभदानं एक चमचा घेतला, मान हलवली आणि वही काढली. वहीत तिनं दोन रकाने आखले होते. डावा तिचा: गार, गरम, मऊ, कुरकुरीत. उजवा माझा.

"कसं लागतंय?"

"छान."

"छान नको. छान मी खूप ऐकलंय."

"टोमॅटो आहे. गार आहे."

"गार मलाही कळतंय. लाल मलाही दिसतंय. चव सांग."

मी डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा तोंडात काय चाललंय याकडे बघितलं. "आधी लसूण येतो. कच्चा. पण लगेच मागे सरतो. मग टोमॅटो, आंबट कमी, गोड जास्त. पावाला चव नाही, पण त्याच्यामुळे बाकीचं जिभेवर टिकतं. आणि सगळं गिळल्यावर तेल. ते किंचित कडू आहे."

ती लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "इतकी वर्षं कुठे लपवून ठेवलं होतंस हे?"

तिथलीच तळलेली वांगी. पातळ काप, पिठात घोळवलेले, वर काळसर पाक ओतलेला. मेन्यूत मध लिहिलं होतं. मी चाखलं आणि सरळ बसलो. "काकवी."

"काय सांगतोस."

"काकवीच. उसाची." वेटरला खुणेनं विचारलं तर त्यानं हवेत उंच ऊस काढून दाखवला. वांग्याची भजी आणि काकवी हे आपल्यापैकी कुणाला सुचलं कसं नाही, यावर आम्ही संध्याकाळपर्यंत बोलत होतो.

सेव्हियाला पालक आणि काबुली चणे. त्यात जिरं, भाजून घातलेलं, आपल्यासारखं. मी म्हणालो, "आईच्या हातचं जेवल्यासारखं वाटतंय."

"कुणाच्या आईच्या?"

"तुझ्या. माझ्या आईचा जिऱ्यावर हात नव्हता."

ती इतकी हसली की शेजारच्या टेबलवरच्या बाई पण हसायला लागल्या. तिच्या हसण्याचा तो आवाज मी सहा महिन्यांनी ऐकत होतो. तिच्या आईची आमटी तिला मात्र त्या पालकात सापडली नाही. तिनं डाव्या रकान्यात लिहिलं: गरम, मऊ, चणे दाताखाली येतात.

हे लिहिताना मी मध्येच उठून चहा करून आलो. आजकाल आलं घालतो आणि किती घातलं ते लक्षात ठेवतो. जेवताना आता वाचत नाही. एकट्यानं जेवणाऱ्या माणसानं तरी वाचावं असं लोकांना वाटतं, पण मला ते जमत नाही. तोंडात घास असला की मला कामावर असल्यासारखं वाटतं.

स्पेनला जाणाऱ्यांनी मधलं पठार टाळू नये. ला मांचाचं ते पठार सपाट, रुक्ष, पिवळं आहे. बसच्या खिडकीतून बघताना मला अल ऐनहून दुबईला जाणारा रस्ताच वाटला, फक्त उंटांच्या जागी मेंढ्या. तिथल्या एका खानावळीत आम्हाला मिगास मिळालं. शिळ्या पावाचा चुरा पाणी मारून मुरवायचा आणि लसणीच्या तेलात लाकडी उलथन्यानं हलवत हलवत खरपूस करायचा. मेंढपाळांचं खाणं. शुभदानं ताट बघितलं आणि म्हणाली, "अरे, ही तर फोडणीची पोळी." बाजूला द्राक्षांचा घोस ठेवला होता. एक घास चुऱ्याचा, एक द्राक्ष, असं खायचं. त्या दिवशी तिनं पूर्ण ताट संपवलं. मला वाटलं, आली. मी विचारलंसुद्धा.

"नाही रे. पुठ्ठाच. पण कुरकुरीत पुठ्ठा आहे, आणि मध्येच द्राक्ष फुटतं. मला आवाज आवडला."

वायव्येला, गालिसियात, पाऊस झिमझिमत होता. तिथं ऑक्टोपस लाकडी थाळीत येतो, कात्रीनं कापलेला, वर लाल तिखटाची भुकटी आणि जाड मीठ. मी त्याच्याबद्दल दीड पान सांगितलं. ती म्हणाली, "रबराचं वर्णन मला नको. मी सध्या रबरच खाते." मग आल्या छोट्या हिरव्या मिरच्या, तेलात टाकून फोड येईपर्यंत परतलेल्या. या मिरच्यांची गंमत अशी की बहुतेक भाजीसारख्या फिक्या असतात आणि एखादीच तिखट निघते. दिसायला सगळ्या सारख्या. शुभदा देठ धरून एकेक खात होती, शेंगा सोलाव्यात तशा सहज. आणि एकाएकी थांबली. डोळ्यांत पाणी आलं.

"लागली," ती म्हणाली.

मी ग्रंथपाल असल्यामुळे मला गप्प बसवेना. "तिखट ही खरं तर चव नसते. ती वेगळ्या नसांनी—"

"मला पुस्तकातलं सांगू नकोस. आणि पाणीही देऊ नकोस."

बाहेर छपरावरून पाणी ओघळत होतं आणि ती झोंबलेली जीभ बाहेर काढून हवा घेत होती, शाळकरी मुलीसारखी. मग तिनं उरलेली थाळी जवळ ओढली आणि पुढची तिखट मिरची शोधायला बसली. अजून दोन सापडल्या. त्या रात्री वहीच्या डाव्या रकान्यात पहिल्यांदा एक नवा शब्द आला: झोंबलं.

कातालोनियाबद्दल एवढंच सांगतो की तिथं टोमॅटो-पावही मनासारखा हवा असेल तर तुमचा तुम्हीच करा. भाजलेला पाव, अख्खा लसूण, अर्धा टोमॅटो आणि तेल पुढ्यात आणून ठेवतात. लसूण घासा, टोमॅटो चोळा, तेल ओता. शुभदाच्या हातांना काम मिळालं. तिनं माझ्यासाठी सात केले.

आणि शेवटी व्हॅलेन्सिया. तिथं ओर्चाता नावाचं गार दुधी पेय मिळतं. ते दूध नव्हे. नागरमोथ्याच्या जातीच्या कंदांचा रस असतो तो, साखर घालून. पण आम्ही गेलो होतो भातासाठी. शहराबाहेर खाचरांमधल्या एका गावात सत्तरीचा एक गृहस्थ अंगणात संत्र्याच्या लाकडांवर पाएया शिजवून द्यायचा. पाएया हे भाताचं नाव, आणि त्या पसरट, उथळ कढईचंही. आमची भाषा त्याला येत नव्हती, त्याची आम्हाला. त्यानं चिकन, रुंद शेंगा आणि पांढरे वाल परतले, टोमॅटो घातला, पाणी, केशर, मग तांदूळ. तांदूळ पसरला आणि झारा भिंतीवर टांगून ठेवला. ढवळायचं नाही. शुभदाचा हात पुढे गेला, आपल्या हाताला सवयच असते, तर त्यानं तो हळूच बाजूला केला.

पाणी आटलं. मग त्यानं आम्हाला खाली वाकायला लावलं आणि कानामागे तळवा धरून दाखवला. ऐका. कढईतून बारीक तडतड येत होती. तळाचा भात तेलात भाजला जाऊन खरवड धरत होता. आपल्याकडे भात तळाला लागला की बाई ओशाळते, पाहुण्यांना वरचा वाढते आणि तळ पाण्यात भिजत घालते. तिथं त्या खरवडीला नाव आहे, मान आहे आणि भांडणंही तिच्यावरूनच होतात. ती धरली की नाही हे बघून कळत नाही, चाखून तर नाहीच. कानानं कळतं. शुभदानं कान कढईजवळ नेला आणि बराच वेळ तशीच राहिली. मला तिचा चेहरा दिसत होता. जीभ नसलेल्या माणसाला करता येईल असा स्वयंपाक तिला सापडला होता.

कढईतूनच सगळ्यांनी खायचं, प्रत्येकानं आपल्यासमोरच्या त्रिकोणात, लाकडी चमच्यानं. आम्ही दोघंही उष्टं-खरकटं पाळणाऱ्या घरांत वाढलेले. क्षणभर थबकलो, मग तिनंच आधी चमचा घातला. म्हाताऱ्यानं तळ खरवडून पहिला तुकडा तिला दिला. तो आणि मी तिच्याकडे बघत होतो.

"पुठ्ठा," ती मला मराठीत म्हणाली, त्याच्याकडे बघून गोड हसत. "पण भाजलेला."

परतीच्या विमानात तिनं वही मिटली. उजवा रकाना भरून वाहत होता. डाव्यात चव नव्हती. मी विचारलं, "हरलो का आपण?"

"अजून जेवण संपलं कुठे," ती म्हणाली. तिच्या पायाशी दीड हात रुंदीची कढई होती, टॉवेलात गुंडाळलेली. ती सामानात द्यायला तिनं नकार दिला होता.

नोव्हेंबर लागला. असाच हा ऋतू, उघड्या खिडक्यांचा. शनिवारी सकाळी सई दुबईहून यायची, आखूड दाण्याचा तांदूळ घेऊन. पहिल्या शनिवारी मी नकळत ढवळलं आणि खिचडी झाली. दुसऱ्या शनिवारी आच जास्त झाली आणि खरोखरच जळलं. शुभदा गॅसपाशी कान लावून उभी असायची, मी झाऱ्यानं रस्सा घेऊन डोळे मिटून सांगायचो: मीठ अजून अर्धा चमचा, टोमॅटो कच्चा आहे, केशर आलं. सई दारात टेकून म्हणायची, "यू टू आर सो वीअर्ड." मग दोन घास जास्त खायची.

त्याच महिन्यात दिवाळी होऊन गेली होती. शुभदानं करंज्या केल्या आणि घरोघर पाठवल्या. मी शाळेत होतो, त्या दिवशी तिची जीभ हजर नव्हती. सगळ्यांचे फोन आले. मस्त, खुसखुशीत, तुझ्या हाताला तोड नाही. संध्याकाळी मी एक खाल्ली. सारणात साखर घालायचीच राहिली होती.

मी सांगितलं. तिनं उरलेल्या करंज्यांचा डबा बंद केला. मग म्हणाली, "सगळे माझ्याशी खोटं बोलतात आता. आधी माझ्या पोह्यांना नावं ठेवायला एकमेकींच्या पुढे असायच्या."

"मी नाही बोलत खोटं."

"तू नाही. पण मला सांगावं लागतंय ना कुणीतरी. मला स्वतःला कळलं पाहिजे. नाहीतर मी नुसती आजारी बाई. जिला सगळं छान म्हणायचं."

तिला काय हवं होतं ते मला त्या संध्याकाळी नीट समजलं. पदार्थांच्या चवीपुरतं ते नव्हतं. तिला पुन्हा खऱ्या माणसांत यायचं होतं.

जानेवारीत अल ऐनच्या मराठी मंडळींची सहल असते, डोंगराच्या पायथ्याशी, जिथं चूल पेटवायला परवानगी आहे. त्या वर्षी आम्ही बावीस जण होतो. एक जोडपं रुवैसहून चार तास गाडी चालवून आलं होतं. प्रत्येक घरानं डबा आणायचा असा रिवाज. मुख्य जेवण मी करणार, असं शुभदानं कळवलं, आणि आमच्या शेजारच्या पाटणकर वहिनी लगेच घरी आल्या. वहिनी शुभदाहून दहा वर्षांनी मोठ्या, हाताला सतत काम लागणाऱ्या.

"अगं, बावीस माणसांचा भात तू कशाला करतेस? मी आणते मसालेभात."

"मसालेभातही आणा. कढई माझीच."

"तुला दमणूक—"

"वहिनी, खलास. ठरलंय."

तो दिवस काचेसारखा होता. वारा नाही. इथं बाभळीसारखं जड लाकूड पोत्यांत विकतात, त्याचा जाळ निळसर आणि शांत असतो. लोखंडी तिवईवर कढई चढली. चिकन, शेंगा, वाल, टोमॅटो. पाण्याला उकळी आली. शुभदानं झारा माझ्यापुढे धरला. "मीठ?"

भोवती जमलेली माणसं बघत होती. मी डोळे मिटले. "बरोबर आहे. किंचित वर आहे, भात ओढून घेईल तेवढं."

तिनं तांदूळ पसरला. "आता कुणी हात लावायचा नाही."

पाणी आटत आलं तशी ती चटईवर गुडघे टेकून बसली आणि कान कढईकडे नेला. पाटणकरांनी मोबाइलवर लावलेली गाणी सईनं जाऊन बंद केली. बॅडमिंटन थांबलं. आणि आली ती बारीक तडतड, मला उभ्या जागी ऐकू येईल इतकी. शुभदानं एक बोट वर केलं. अजून थोडं.

पाटणकर वहिनी तेवढ्यात गाडीतून पेपर-प्लेटा घेऊन परत येत होत्या. त्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. त्यांना फक्त वास आला. चाळीस वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईला त्या वासाचा एकच अर्थ ठाऊक असतो. "अगं शुभदा, भात लागला गं," म्हणत त्या धावल्या, आणि आमच्यापैकी कुणी तोंड उघडायच्या आत त्यांनी शेजारचा पाण्याचा जग कढईत रिकामा केला.

चर्र झालं. मग काहीच नाही. कढई मुकी.

वहिनी रिकामा जग घेऊन उभ्या होत्या. आमच्या चेहऱ्यांवरून त्यांना कळलं. "मला वाटलं... अगं, मला वाटलं लागतोय."

"लागायलाच हवा होता तो," शुभदा म्हणाली. "वहिनी, तुम्ही माझा भात बुडवलात."

कुणीतरी म्हणालं, असू दे, असाही चांगलाच लागेल. शुभदानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "लाकूड घाल," ती मला म्हणाली. मी घातलं. पाटणकर खाली बसून फुंकू लागले. जाळ कडेनं वर आला. ती परत गुडघ्यांवर बसली आणि आता तिच्या शेजारी वहिनीही बसल्या, कान पुढे करून, पदर सावरत. मग एकेक करून सगळेच वाकले. रुवैसचा इंजिनिअरही वाकला. लांबून बघणाऱ्या एका अरबी कुटुंबाला काय वाटलं असेल कोण जाणे. वीसेक माणसं एका भांड्याचं गुपित ऐकत होती.

पंधराएक मिनिटं काही नाही. शुभदाच्या मानेवरचे नवे, आखूड केस घामानं चिकटले होते. मग एक टिचकी. मग बऱ्याच वेळानं दुसरी. मग तीन एकदम, आणि मग कढईचा सगळा तळ पुन्हा बोलायला लागला. वहिनींनी शुभदाचा हात घट्ट धरला होता.

"आता," ती म्हणाली, आणि आम्ही कढई उतरवली.

तळ सुटला तेव्हा तांबूस, खमंग, एकसंध निघाला. प्लेटा भरल्या. सगळे एकदम बोलू लागले. मस्त. फारच सुंदर. शुभदावहिनी, हॉटेल काढा. मीही खात होतो आणि काय सांगायचं ते मनात जुळवत होतो: केशर, धूर, शेंगांचा गोडवा. शुभदानं खरवडीचा एक तुकडा हातात घेतला, मोडला, तोंडात टाकला. मला तो दाताखाली वाजलेला ऐकू आला. एकदा, दोनदा. मग ती चावायची थांबली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

मी सवयीनं म्हणालो, "नाही, मी बघितलं होतं."

"तू बघितलंस तेव्हा असेल. नंतर वहिनींनी अख्खा जग पाणी ओतलं, ते भातानं पिऊन टाकलं. मीठ कमी आहे."

सईनं तिची प्लेट चटईवर ठेवली. "आई," ती म्हणाली, आणि मग तिच्या तोंडून मराठी आली. "तुला कसं कळलं?"

शुभदा तिच्याकडे बघत राहिली. दुसरा तुकडा तिनं हळू, अगदी हळू चावला. "केशर आहे," ती म्हणाली. "जरा औषधासारखं. टोमॅटो... हो. टोमॅटो आहे. आणि मीठ कमी आहे."

मग पाटणकर वहिनी घसा खाकरून म्हणाल्या, "कमी आहेच गं. मी कुठल्या तोंडानं बोलू? पाणी मीच घातलं."

"मलाही वाटलंच होतं," रुवैसची बाई म्हणाली.

"मला पहिल्याच घासाला कळलं," पाटणकर म्हणाले, आणि त्यांनी मघाशी हॉटेल काढायला सांगितलं होतं. मग सगळेच सांगू लागले, मीठ कमी आहे, चिमूटभर नव्हे, चांगलं चमचाभर कमी आहे, आणि चिकनही जरा चिवट आहे. महिनोन् महिने दाबून ठेवलेलं खरं एकदम बाहेर पडत होतं आणि शुभदा मध्ये बसून प्रत्येकाला मान डोलावत होती, सत्कार चालल्यासारखी. मिठाची पुडी हातोहात फिरली. तिनं आपल्या प्लेटीवर घातलं, चाखलं, अजून घातलं, आणि दोनदा वाढून घेतलं.

ती चव टिकली. उन्हाळ्यापर्यंत टिकली, आणि ऑगस्टमध्ये दवाखान्यातल्या सूपला तिनं जी नावं ठेवली ती ऐकून नर्स तोंड लपवून हसत होत्या. पण मला ती दुपार हवी आहे, आणि ती माझ्याकडे आहे, पूर्ण.

जेवणं उरकत आली तेव्हा वहिनींनी आपला मसालेभाताचा डबा उघडून तिच्यापुढे धरला. परीक्षेचा पेपर द्यावा तसा. शुभदानं घास घेतला. "गोडा मसाला जुना आहे, वहिनी. वास उडालाय." वहिनींचा चेहरा उजळला. त्यांच्यामागे रुवैसची बाई कोशिंबीर घेऊन उभी होती. तिच्यामागे कुणीतरी डाळिंब्यांची उसळ घेऊन. ऊन डोंगराआड जायला लागलं होतं आणि बायकांची रांग चटईच्या टोकापर्यंत गेली होती, हातात उघडे डबे. कोशिंबिरीत दाण्याचं कूट खवट निघालं. उसळीला गूळ कमी पडला. पाटणकरांनीही, घरी केलेलं एकुलतं एक लोणचं, धीर करून पुढे केलं आणि त्याला हळदीची कच्ची चव असल्याचं ऐकून ते धन्य होऊन परतले. मी सोलकढीचा वाडगा तिच्यासमोर धरला. तिनं घोट घेतला, डोळे मिटले, बराच वेळ मिटूनच ठेवले.

"आमसूल जास्त," ती म्हणाली, आणि पुढच्या डब्यासाठी हात पुढे केला.